विनी मार्चबँकचे अकरा तुकडे

फिल्मचा डबा आला की आधी हुंगायचा. उघडायच्याही आधी. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर एक दुखणं, आणि आठवडाभर न धुतलेल्या मोज्यांसारखा आला तर दुसरं. हे दुसरं असलं तर खोलीतले दिवे, पंखे, सगळं बंद करायचं आणि हळूच मागे सरकायचं, कारण ती फिल्म एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते. माझी अख्खी नोकरी नाकावर चालली असं सांगितलं की आमच्या सिडनीतल्या स्कोफिल्ड्सच्या मराठी मंडळातल्या मुली हसतात. सगळ्या आयटीतल्या. "काकू, म्हणजे तुम्ही एक्झॅक्टली काय करायचात?"

तर एक्झॅक्टली सांगते. मी जुन्या फिल्म दुरुस्त करायची. मुंबईच्या एका लॅबमध्ये निगेटिव्ह कापायला शिकले, मग ह्यांना सिडनीत नोकरी लागली म्हणून सामानासकट इकडे आले, आणि इथे एका लहानशा लॅबमध्ये चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. फाटलेल्या फिल्मला ठिगळ लावायचं, चिकटलेली सोडवायची, आकसलेली सरळ करायची आणि मग मशीनवर चढवून एकेक चित्र काँप्युटरमध्ये उतरवायचं. गोधडी शिवण्यासारखंच काम, फक्त गोधडीला आग लागण्याची भीती नसते.

गिऱ्हाइकं एकेक नग. गिरावीन उपनगरातले एक गृहस्थ स्वतःच्या लग्नाची फिल्म घेऊन आले आणि म्हणाले, "बाकी सगळं छान करा, फक्त माझ्या मेव्हण्याला काढून टाका." आता मेव्हणा म्हणजे नवरीचा भाऊ. तो अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत बहिणीला चिकटून उभा! त्याला काढायचा तर नवरीही जाते. मी म्हटलं, "दोघांपैकी एक ठरवा." तीन दिवसांनी फोन आला, राहू दे मेव्हणा. एका शेतकऱ्याने सात डबे आणले, त्यातल्या एकावर त्याची कोंबडी वर्षानुवर्षं अंडी उबवायला बसत होती. सहा डबे सडले, कोंबडीखालचा टिकला. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते विनीचं. नुसतं नाव घेतलं तरी अजून अंगावर काटा येतो.

आमच्याकडे प्रत्येक डब्यात एक कार्ड ठेवायची पद्धत होती. फिल्म कुठून आली, काय झालेलं होतं, आपण काय केलं, सगळं त्यावर हाताने लिहायचं. पुढे पन्नास वर्षांनी कुणी डबा उघडला तर त्याला कळावं म्हणून. माझं अक्षर लॅबमध्ये नावाजलेलं. आमचा साहेब ग्रॅहम नव्या माणसांना माझी कार्डं दाखवायचा. "शूसारखं लिहा," म्हणायचा. शू म्हणजे मी, शुभदा. एवढं मोठं नाव घ्यायला ऑस्ट्रेलियन माणसाला वेळ कुठला!

ग्रॅहमच्या ड्रॉवरमध्ये एक पत्र कित्येक वर्षं पडून होतं. ॲडलेडहून आलेलं, डॉरथी नावाच्या बाईचं. तिची आई विनी मार्चबँक ही इंग्लंडमधल्या मूकपटांत काम करायची. आईने उभ्या आयुष्यात सिनेमाचं नाव काढलं नाही. ती गेल्यावर ट्रंकेत एक पोस्टकार्ड मिळालं, त्यावर मोठ्या हॅटमधली तरुण विनी, खाली छापील नाव आणि 'चित्रतारका' अशी पदवी. डॉरथीला तोवर वाटायचं, आपली आई म्हणजे गावात बेकरी चालवणारी बाई! तिने इंग्लंडमध्ये सगळीकडे पत्रं लिहिली, सगळीकडून एकच उत्तर, काहीही शिल्लक नाही. खरंच नव्हतं. मूकपट जुने झाले की ते वितळवून त्यातली चांदी काढून घ्यायचे. विनीच्या सिनेमांचे बहुतेक चमचे झाले असावेत.

ग्रॅहमला तिचा नाद लागला. जुन्या मासिकांतून, जाहिरातींतून त्याने वेचून वेचून तिची कुंडली मांडली. गिरणीगावातली पोर. सोळाव्या वर्षी लंडनबाहेरच्या काचेच्या छपराच्या एका स्टुडिओत झाडलोट करायला लागली. एकदा ठरलेली नटी आली नाही, म्हणून हिला मोलकरणीचा पोशाख घालून उभी केली. हिने ट्रे घेऊन यायचं होतं, ती आली, अडखळली, सगळा चिनीमातीचा सेट फुटला आणि डायरेक्टर पोट धरून हसला. झालं! तिथून पुढे दहा वर्षं विनी मार्चबँक पडद्यावर भांडी फोडत होती. सायकलवरून तळ्यात पडायची, छपरावरून घसरायची, सगळं स्वतः करायची. मग बोलपट आले, छोटे स्टुडिओ बसले. हिने एका जहाजावरच्या इंजिनिअरशी लग्न केलं, दक्षिण ऑस्ट्रेलियात आली आणि पाव भाजायला लागली.

आणि एक दिवस आमच्या टेबलावर एक रीळ आलं. एका आडगावी जुना पिक्चर-हॉल पाडत होते, त्याच्या छपरात सापडलं. यात नवल नाही. इंग्लंडचा सिनेमा तिकडे दाखवून झाला की जहाजाने इकडे यायचा, शहरातून गावात, गावातून फिरत्या तंबूत. शेवटच्या खेळानंतर एवढ्या लांब परत पाठवणार कोण? टाक माळ्यावर. म्हणून तिकडे मेलेले सिनेमे इथे माळ्यावर जिवंत सापडतात.

वास मोज्यांचा. नाव नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. अकरा तुकडे, कुणीतरी ओबडधोबड जोडलेले, आणि अर्धी चित्रं बुरशीने खाल्लेली. पण भिंगाखाली धरलं आणि मी ओरडलेच. स्वयंपाकघर, मोलकरणीचा पांढरा टोप, हातात तवा!

"ग्रॅहम, धाव!"

तो हातातलं सँडविच घेऊन धावला, मी त्याला सँडविचसकट बाहेर काढला, तो सँडविच ठेवून परत धावला. भिंगातून बघून म्हणाला, "मेट, ही ती असेल का गं?" चेहरा पुसट झालेला, वर पावडरचा थर. पोस्टकार्डवरचा चेहरा हॅटच्या सावलीत. खात्रीने सांगू शकेल असं एकच माणूस जगात होतं.

ग्रॅहमने डॉरथीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लवकर आणा. माझ्या डोळ्यांचं मधलं गेलंय, आता कडेचंही जायला लागलंय. डॉक्टर म्हणतो, फार तर नाताळापर्यंत." वय अठ्ठ्याऐंशी. आईला चालता-बोलताना पडद्यावर एकदा बघायचं एवढंच तिचं उरलं होतं. बोलताना नाही म्हणा, मूकपटच तो.

मी कामाला भिडले. जेवायचंही भान राहिलं नाही.

आता इथे थोडं समजून घ्या, कारण माझी चूक इथेच आहे. फिल्म काचेसारखी आरपार असते. पालथी घातली तरी चित्र दिसतंच, फक्त आरशातल्यासारखं, डावं ते उजवं. ही फिल्म गावोगावी दाखवणाऱ्या कुण्या तंबूवाल्याने तुटलेले तुकडे जोडताना काही पालथे जोडले होते. सुलट कुठले आणि पालथे कुठले, हे आम्ही एरवी दुकानाच्या पाटीवरून ओळखतो, नाहीतर पुरुषांच्या कोटाच्या बटणांवरून, नाहीतर फिल्मच्या कडेच्या छापावरून. इथे पाटी नाही, पुरुष नाही, कडा उंदरांनी खाल्लेल्या. अकरापैकी आठ तुकड्यांत ती बाई डाव्या हाताने वाढत होती, तीन तुकड्यांत उजव्या.

ग्रॅहम म्हणाला, "आठ विरुद्ध तीन. डावा सुलट."

मी म्हटलं, "अरे वेडा आहेस का? ती सूप वाढतेय. माणसांच्या ताटात! डाव्या हाताने कोण वाढतं?"

"तुझी खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"नो वरीज," तो म्हणाला आणि गेला. इतक्या वर्षांत त्याने माझ्या शब्दावर शंका घेतली नव्हती, तेव्हाही घेतली नाही. मी आठच्या आठ तुकडे उलटे करून त्या तिनांसारखे केले. सगळी फिल्म एकसारखी, उजव्या हाताची, सोज्वळ झाली. कार्डावर माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'आठ तुकडे पालथे होते, दुरुस्त केले.' मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू.

खरी फिल्म विमानात चढवत नाहीत, म्हणून लॅपटॉपवर उतरवून ॲडलेडला गेले. माझी मुलगी मुक्ता तेव्हा तिथेच, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत शिकत होती. तीच मला गाडीने डॉरथीकडे घेऊन गेली. छोटंसं विटांचं घर, दारात लिंबाचं झाड, आणि डॉरथी लिपस्टिक लावून, मोत्यांची माळ घालून तयार. आईला भेटायचं म्हणून नटली होती.

मुक्ताने लॅपटॉप टीव्हीला जोडला. डॉरथीने आपली खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि टीव्हीकडे खांदा करून बसली.

"आई," मुक्ता माझ्या कानात म्हणाली, "शी इज नॉट इव्हन लुकिंग."

डॉरथीचे कान तिखट. "बघतेय, लव्ह. समोर बघितलं की मला काळा डाग दिसतो. बघायचं असलं की मी दुसरीकडे बघते."

नऊ मिनिटांची फिल्म. विनी सूप वाढते, ते सांडतं. विनी पॅनकेक हवेत उडवते, तो छताला चिकटतो. ती वर बघत बसते, मागे दूध उतू जातं. मग बशांचा मनोरा घेऊन येते आणि काय होणार ते माहीत असूनही आपण श्वास रोखतो. मुक्ता खिदळत होती. मी डॉरथीकडे बघत होते. डॉरथी खिडकीकडे बघत होती.

फिल्म संपली.

"छान आहे," डॉरथी म्हणाली. "पण ही माझी मम नाही."

मी बॅगेतून पोस्टकार्डाचा मोठा फोटो काढला, हनुवटी सारखी आहे म्हटलं, कान सारखे आहेत म्हटलं. ती हात वर करून म्हणाली, "चेहऱ्याचं मला सांगू नकोस. चेहरा मला तुझाही दिसत नाही. मी आता माणसं हालचालीवरून ओळखते. ही बाई चुकीची हलते."

"चुकीची म्हणजे?"

ती उठली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, उजवा हात कमरेवर ठेवला, डाव्या हातात नसलेला तवा धरला आणि मनगटाला असा झटका दिला की पॅनकेक मला दिसला. "मम अशी उडवायची. मम मॉली-डूकर होती, लव्ह."

मी मुक्ताकडे बघितलं. हा शब्द मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. "लेफ्टी, आई," ती म्हणाली. "डावखुरी."

डॉरथी बोलतच होती. "शाळेत तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवायचे. पुढे चर्चमधल्या बायका, वडिलांकडची माझी आजी, सगळ्या एकच म्हणायच्या, विनी, हात बदल. चारचौघांत बदलायची बिचारी. बेकरीत गिऱ्हाईक असलं की उजवा, दार लावलं की डावा. मला एकदा म्हणाली, डॉट, माझ्या आयुष्यात एकच जागा होती जिथे मला कुणी हात बदल म्हणालं नाही. कुठली ते मात्र सांगितलं नाही. मला वाटायचं, तिच्या आईचं घर असेल."

मी मटकन खाली बसले. मुक्ता म्हणाली, "आई, काय झालं? पाणी आणू?"

काय सांगू तिला? मी स्वतः जन्माची डावरी. माझा डावा हात ताटाकडे गेला की आई पळीची पाठ हातावर मारायची. मी पहिलीत डाव्या हाताने 'श' काढला, बाईंनी पाटी पुसली आणि पेन्सिल दुसऱ्या हातात दिली. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, मी ती विसरलेसुद्धा होते. जिचा हात मोडून मोडून सुधारला ती मी, आणि भिंगाखाली ती पोरगी दिसली तर पहिला विचार काय आला? डाव्या हाताने कोण वाढतं! जगात एका जागी तिला कुणी हात बदल म्हणालं नव्हतं आणि मी त्याच जागी जाऊन तिचा हात बदलून आले होते.

"डॉरथी," मी म्हटलं, "बसा. एक मिनिट बसा. खुर्ची हलवू नका!"

घाईत दोनदा भलतंच बटण दाबलं. पण बघा गंमत, मी सगळे अकरा तुकडे एकसारखे करून ठेवले होते ना? म्हणजे सगळे एकसारखे चुकीचे! एका बटणाने अख्खी फिल्म उलटली.

विनी सूप घेऊन आली. पळी डाव्या हातात.

डॉरथी खिडकीकडे बघत होती. तिचा खांदा हलला. मग पॅनकेक आला. पडद्यावर विनीने उजवा हात कमरेवर ठेवला, डाव्या मनगटाला झटका दिला, आणि इकडे खुर्चीवर डॉरथीचं मनगट तस्संच, त्याच क्षणी उडालं. तिला ते कळलंसुद्धा नाही.

"आली," ती म्हणाली. "अगं ही बघ, आली! हीच ती! मम!"

मुक्ता ओरडली, मी ओरडले. डॉरथी हसत होती, रडत होती, मोत्यांची माळ मुठीत धरून "परत लाव, परत लाव" म्हणत होती. आम्ही परत लावली. सबंध आर्व्हो, म्हणजे दुपारभर, आम्ही तीच नऊ मिनिटं बघितली, अकरा की बारा वेळा. बशांचा मनोरा कोसळला की तिघी मिळून टाळ्या. मुक्ताचं ट्यूटोरियल बुडालं. चहा तीनदा केला आणि तीनदा गार झाला.

निघताना डॉरथी दारापर्यंत आली. लिंबाच्या झाडाकडे तोंड करून म्हणाली, म्हणजे माझ्याकडेच बघत म्हणाली, "म्हणजे ती जागा ही होती तर."

मी तिला माझी चूक सांगितली. पहिल्या खेपेला तुमची आई ओळखू आली नाही, तो माझ्या हातचा गुन्हा. ती म्हणाली, "आणि तू डाव्या हाताने का लिहीत नाहीस, लव्ह?" मी डावरी आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं! म्हटलं, कसं ओळखलंत? "चहाचा कप घेताना आधी तुझा डावा हात हलतो, मग तू त्याला थांबवतेस. तिन्ही वेळा. मम तेच करायची."

गाडीत मी मुक्ताला पहिल्यांदा ते पळीचं आणि पाटीचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, दॅट्स हॉरिबल." मग मराठीत म्हणाली, "तू मला कधीच का नाही सांगितलंस?"

लॅबमध्ये परतले तेव्हा ग्रॅहम दारातच उभा होता. सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "आठ विरुद्ध तीन, मेट." मी म्हटलं, गप बस. पुढे सगळे तुकडे पुन्हा उलटून, फिल्म नीट स्वच्छ करून मोठ्या मशीनवर घेतली, तेव्हा बुरशीखालून फळीवरचा एक चहाचा डबा निघाला. त्यावरची अक्षरं सुलट आली. पुरावा मिळाला, पण डॉरथीच्या मनगटानंतर मला पुराव्याची गरज नव्हती.

डॉरथीची नजर नाताळाच्याही आधी गेली. तिने फोन करून सांगितलं, अगदी सहज, हवापाण्याचं सांगावं तसं. मला रडू आलं तर मलाच म्हणाली, "रडू नकोस गं. मी बारा वेळा बघितलीय. डोळे मिटले की लावते." आणि मग मला पुन्हा सगळी फिल्म तोंडी सांगितली, सूप, पॅनकेक, दूध, बशा. एकही गोष्ट चुकली नाही.

राहिलं होतं डब्यातलं कार्ड. 'आठ तुकडे पालथे होते, दुरुस्त केले' हे माझ्या सुंदर अक्षरातलं खोटं डब्यात ठेवून मला झोप लागली नसती. मी नवं कार्ड घेतलं. पेन उचललं, क्षणभर थांबले आणि ते दुसऱ्या हातात घेतलं. एवढी चार ओळींची नोंद लिहायला मला पाऊण तास लागला, घाम फुटला, जीभ बाहेर आली. अक्षर पहिलीतल्या पोरीचं, एक ओळ चढावर, दुसरी उतारावर:

'विनी मार्चबँक. तीन तुकडे पालथे जोडलेले होते, सुलट केले. आता सगळं बरोबर आहे. ही डाव्या हाताने वाढते. कृपया हात बदलू नये.'

ग्रॅहमने सहीसाठी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला.

"शू, तुझ्या अक्षराला काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "ते असंच आहे."